जांबों पेर्सिये घरी कसं करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

फ्रान्समधल्या दिजों शहराच्या ले आल मार्केटमध्ये, म्हणजे ते एकोणिसाव्या शतकातलं लोखंडी खांबांचं मोठं मार्केट, तिथे शनिवारी सकाळी गेलात की मांसवाल्यांच्या काचेमागे एक उलटा पाडलेला घुमट दिसतो. बाहेरून हिरवा, कापलेल्या बाजूने गुलाबी आणि हिरवा, संगमरवरी फरशीवर जशा शिरा असतात तसा. तोच जांबों पेर्सिये. जांबों म्हणजे हॅम, पेर्सी म्हणजे पार्सली. खारवलेलं डुकराचं मांस व्हाइट वाईनमध्ये शिजवायचं, मोठमोठे तुकडे करायचे आणि त्याच्याच रसाच्या जेलीत भरपूर पार्सली घालून थिजवायचं, एवढंच. बर्गंडीत, म्हणजे दिजोंच्या आसपासच्या प्रदेशात, हा मूळचा ईस्टरचा पदार्थ, आधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य असायचं आणि हिवाळ्यात मिठात घातलेली मांडी ईस्टरला बाहेर निघायची. आता दिजोंत बारा महिने मिळतो.

मी इथे आल्यापासून हा नऊ-दहा वेळा तरी केलाय आणि त्यातले पहिले तीन फसले, तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी. कारण फ्रेंच रेसिपी लिहिणारा धरूनच चालतो की वाचणाऱ्याने हे लहानपणापासून आजीच्या घरी बघितलंय. आपण बघितलेलं नसतं. म्हणून ज्या गोष्टी तिथे लिहिलेल्या नसतात त्या इथे जास्त लिहितोय. आणि एक आधीच सांगतो, यात सगळं लक्ष हॅमकडे जातं पण पदार्थ चांगला होतो किंवा बिघडतो तो रसावर. हॅम तुम्ही विकत आणता, रस तुम्ही करता.

१. आधी कॅलेंडर बघा, मग बाजारात जा

हा एका दिवसात होत नाही. रविवारी दुपारी जेवायला हवा असेल तर गुरुवारी रात्री मांस पाण्यात घाला, शुक्रवारी संध्याकाळी शिजवा, शनिवारी सकाळी थर लावा, रविवारी कापा. प्रत्यक्ष हाताचं काम सगळं मिळून तीन तासांच्या वर नाही, बाकी नुसतं थांबणं. पाहुणे रविवारी येणार म्हणून शनिवारी सुरुवात केली तर चमच्याने वाढायची वेळ येते.

२. लागणारं सामान

हे साधारण २ लिटरच्या बोलला पुरतं, दहा-बारा जणांना होतं. याहून कमी करायच्या भानगडीत पडू नका, छोट्या भांड्यात तुकडे छोटे करावे लागतात आणि ते संगमरवरी दिसणं जातं.

मांस आणि रसासाठी:
- दमी-सेल म्हणजे खारवलेलं पण न शिजवलेलं पोर्क, खांद्याचं किंवा मांडीचं, हाडाशिवाय १.५ किलो
- वासराचा एक पाय मधून चिरलेला, किंवा डुकराचे दोन पाय
- ड्राय व्हाइट वाईन, ७५० मिलीची एक बाटली
- पाणी साधारण १.५ लिटर
- गाजरं २, कांदा १ (त्यात २ लवंगा खोचून), लीकचा (पातीच्या कांद्यासारखी जाड भाजी) हिरवा भाग, काळी मिरी १० दाणे
- थाईमच्या ३-४ काड्या, तमालपत्र २ आणि पार्सलीचे देठ, एकत्र दोऱ्याने बांधून

जेली आणि थरांसाठी:
- पार्सली, नुसती पानं १५० ग्रॅम, म्हणजे मोठ्या ३-४ जुड्या
- शॅलॉट (छोटे लांबट कांदे) ४, लसूण ३ पाकळ्या
- व्हाइट वाईन व्हिनेगर २ टेबलस्पून
- जिलेटिनची पानं, एक पाकीट (लागतीलच असं नाही, पण घरात हवीतच)

भांडी: ६-७ लिटरचं जाड बुडाचं पातेलं, बारीक गाळणी, मलमलचं फडकं, २ लिटरचा खोलगट काचेचा किंवा चिनी मातीचा बोल, त्यात आत बसेल अशी एक ताटली, धारदार लांब सुरी. थर्मामीटर असेल तर उत्तम.

वाईन इथली आलिगोते असते. आलिगोते म्हणजे बर्गंडीतली आंबटसर पांढरी द्राक्षं, तीच वाईन कासिस (काळ्या करंटचं गोड लिकर) घालून किर म्हणून पितात, आणि किर हे नाव दिजोंचे मेयर फेलिक्स किर यांच्यावरून पडलं. तो आंबटपणा या पदार्थाला हवाच असतो. नसेल मिळत तर कुठलीही ड्राय, आंबट, लाकडाचा वास नसलेली चालेल. गोडसर वाईन अजिबात नको, जेलीला गूळपाण्यासारखी चव येते आणि ती नंतर कशानेच जात नाही.

३. मांस घेताना नक्की काय मागायचं

पहिला गोंधळ इथेच होतो. 'जांबों' म्हणून मागितलंत तर सँडविचमध्ये घालतात तो शिजवलेला हॅम मिळेल. त्याचं हे होत नाही, तो आधीच शिजलेला असतो, त्यातून रसात काहीच उतरत नाही. दुसरा वाळवलेला हॅम, तोही नाही. तुम्हाला हवंय 'पालेत दमी-सेल' म्हणजे खारवलेला खांदा, किंवा 'जांबों दमी-सेल'. मी खांदाच घेतो, त्यात मधे मधे चरबी आणि स्नायूंचे पडदे असतात, मांस कोरडं पडत नाही. मांडीचं मांस दिसायला छान गुलाबी पण जरा जास्त शिजलं की भुसा. शक्य असेल तर अर्धं अर्धं घ्या. दमी-सेल 'जांबोनो', म्हणजे गुडघ्याखालचा भाग, एखादा जास्तीचा टाकलात तर फारच छान, त्याच्या कातडीने रस घट्ट होतो.

पायासाठी मात्र आदल्या आठवड्यात सांगून ठेवा. ईस्टरच्या आठवड्यात वासराचे पाय बघता बघता संपतात. मला एकदा दुकानदाराने पायाऐवजी 'हे पण तेच काम करतं' म्हणून साधी हाडं दिली होती. करत नाही. जेली होते ती कातडी, कूर्चा आणि शिरांमधल्या कोलॅजेनची, नुसत्या कडक हाडातून फार थोडी. आपल्याकडे पायाचं सूप रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी थलथल थिजलेलं असतं ना, अगदी तेच हवंय.

भारतात करत असाल तर हे वाचा, नाहीतर पुढच्या पायरीवर जा.

दमी-सेल तयार मिळणार नाही, त्यामुळे मांस घरी खारवावं लागेल. गोव्यात, वसईकडे, मुंबई-पुण्यात चांगल्या पोर्कवाल्याकडे ताजा खांदा आणि पाय दोन्ही मिळतात. हॅमचा गुलाबी रंग आणि ती विशिष्ट चव साध्या मिठाने येत नाही, ती सोडियम नायट्राइटने येते. ते मिठात मिसळून क्युरिंग सॉल्ट म्हणून विकतात आणि इथे फार जपून राहायचं, कारण जास्त झालं तर ते विषारी आहे. फ्रान्समधल्या 'सेल नित्रिते'मध्ये नायट्राइट ०.६ टक्के असतं आणि अमेरिकन पद्धतीच्या क्युरिंग सॉल्ट नंबर १ मध्ये ६.२५ टक्के, म्हणजे दहापट. फ्रेंच रेसिपीतलं माप अमेरिकन पाकिटातून घेतलंत तर काय होईल ते लक्षात आलं असेल. पाकिटावर टक्केवारी लिहिलेली नसेल तर ते घेऊच नका.

हिशोब असा: मांस आणि पाणी मिळून जेवढं वजन, त्याच्या दर किलोला ६.२५ टक्केवालं २.५ ग्रॅम, आणि एकूण मीठ २५ ग्रॅम. म्हणजे १.५ किलो मांस अधिक १ लिटर पाणी, एकूण २.५ किलो, तर क्युरिंग सॉल्ट ६.२५ ग्रॅम आणि साधं मीठ ५६ ग्रॅमच्या आसपास. छोट्या डिजिटल काट्यावर मोजा, चमच्याने नाही. मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून मांस त्यात बुडवा, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या खाली ७ दिवस, रोज एकदा उलटं करा. असं मोजून केलं तर नंतर खारटपणा काढायला लागत नाही, नुसतं धुवून घ्या.

आणि हो, आपलं सैंधव गुलाबी असतं म्हणून ते घालू नका. काही क्युरिंग सॉल्टला मुद्दाम गुलाबी रंग देतात त्यामुळे दोघांनाही पिंक सॉल्ट म्हणतात, पण सैंधवात नायट्राइट नसतं. वाईनसाठी नाशिकची ड्राय सॉव्हिन्यों ब्लां चालते, शेनिन घेणार असाल तर गोडसर नाही ना ते बाटलीवर बघून घ्या.

४. खारटपणा काढणं

दमी-सेल मांस मोठ्या भांड्यात, वर चार बोटं थंड पाणी, फ्रिजमध्ये. गुरुवारी रात्री घातलं की शुक्रवारी सकाळी पाणी बदला, दुपारी परत बदला. आता किती वेळ हे मांसावर आहे. सुपरमार्केटमधलं व्हॅक्युम पाकिटातलं कमी खारट असतं, त्याला कधी कधी तीन-चार तास पुरतात, खाटकाने स्वतः पिंपात खारवलेलं असेल तर बारा ते अठरा तास. माझा पहिला जांबों पेर्सिये इथेच गेला, दोन तास भिजवून घातला आणि शेवटी जेली समुद्राच्या पाण्यासारखी झाली.

म्हणून अंदाज करू नका, चाखा. कडेचा बोटभर तुकडा कापा, वाटीभर साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि खा. नुसता खाल्ल्यावर 'मीठ बरोबर आहे, जरासं पुढे' असं वाटलं की थांबायचं. अळणी लागेपर्यंत भिजवत ठेवू नका, कारण या सगळ्या पदार्थात मीठ फक्त या मांसातूनच येणार आहे, आपण वरून चिमूटभरही घालणार नाही.

५. शिजवणं

पाय आधी गार पाण्यात घालून पाच मिनिटं उकळा, ते पाणी फेकून द्या, पाय चोळून धुवा. ही पायरी टाळली की रस करडा होतो आणि एक वास राहतो.

मग मोठ्या पातेल्यात पाय, भाज्या, मिरी, बांधलेली जुडी, सगळी वाईन आणि गार पाणी. गॅस चालू करा, वर येणारी मळी पळीने काढत राहा, आणि पाय एकटेच एक तास शिजू द्या कारण त्यांना मांसापेक्षा जास्त वेळ लागतो. नंतर मांस घाला. पाणी मांस जेमतेम बुडेल एवढंच, त्याच्यावर नको, जास्त पाणी म्हणजे पातळ जेली. इथून पुढे अडीच ते तीन तास अगदी मंद आचेवर. मंद म्हणजे किती, तर मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटेल, पुन्हा शांत. थर्मामीटरवर ८५ ते ९० अंश.

आता कुकर. मला माहितीये तुम्ही हेच विचारणार, कारण मीही दुसऱ्या वेळी कुकरच लावला होता. चार तासांचं काम पाऊण तासात होतंय तर कोण नाही करणार. पण आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये प्रत्येक शिट्टीला आतला दाब एकदम उतरतो आणि रस खळाखळा उकळतो, त्यात चरबी घुसळली जाऊन मिसळते आणि रस दुधट होतो, मग कितीही गाळा तो स्वच्छ होत नाही. मांसाचेही दोरे दोरे होतात. तुकडे दोरे झाले की थर लागत नाहीत. तर नको.

मांसात काटा घालून फिरवला की ते सहज सुटावं, पण आपणहून पडता कामा नये. तिथे गॅस बंद करा आणि अर्धा तास तसंच रसात राहू द्या, नाहीतर बाहेर काढल्या काढल्या वाफेबरोबर कोरडं व्हायला लागतं.

६. मांस सोडवणं

कोमट असताना हाताने. पूर्ण गार झाल्यावर चरबी आणि पडदे मांसाला धरून बसतात आणि ओढाताणीत तुकडे मोडतात. कातडी बाजूला काढा, चरबीचे जाड थर काढा, सगळी चरबी नका काढू, थोडी चवीला हवी. तुकडे अक्रोडाएवढे ते लिंबाएवढे ठेवा, सगळे एकसारखे करायला जाऊ नका आणि सुरीने चौकोनी तर अजिबात कापू नका. जिथे मांस आपणहून फाटतं तिथेच फाडा, तो खडबडीतपणा जेलीला धरून ठेवतो. सुरीने कापलेल्या गुळगुळीत तुकड्याभोवतीची जेली स्लाइस करताना सुटून येते.

मऊ शिजलेली कातडी टाकू नका, थोडी अगदी बारीक चिरून मांसात मिसळा. पायाला जे काही मऊ मांस असेल तेही.

तुकडे एका डब्यात, वर दोन-तीन पळ्या रस, झाकण, फ्रिज. उरलेला रस गाळून घ्या, पातेलं सिंकमध्ये गार पाण्यात ठेवून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत तोही फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर ठेवू नका, असा मांसाचा कोमट रस लगेच खराब होतो.

७. रस: इथे घाई नको

सकाळी रसावर पांढरी चरबी थिजलेली असेल, ती चमच्याने पूर्ण काढून टाका. राहिलेले ठिपके पेपर टॉवेलने टिपा. खाली रस कसा आहे ते आता बघा. पातेलं हलवल्यावर एकसंध थरथरला तर तुमच्या पायांनी काम केलंय.

पण थरथरणं पुरेसं नाही, कापल्यावर उभं राहायला हवं. यासाठीची परीक्षा मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या मादामनी शिकवली, वय ऐंशीच्या पुढे, दर ईस्टरला हा करतात. त्यांनी रस गरम केला, चमचाभर एका ताटलीत ओतला, ताटली फ्रीझरमध्ये पाच मिनिटं ठेवली आणि मग बोटाने त्याची कड उचलून बघितली. मी बघतच राहिलो, कारण आई सुरळीच्या वड्या करताना हेच करते, पिठाचं बोट ताटाच्या पाठीला लावायचं आणि सुटतं का बघायचं, सुटलं की गॅस बंद. इथेही तेच. कड सोलून उचलता आली, बोटाने दाबल्यावर परत वर आली, तर झालं. बोट आत गेलं किंवा कड ओली राहिली, तर मदत लागेल.

मदत म्हणजे जिलेटिन. रस आटवून घट्ट करायचा मोह होईल, तो आवरा, कारण आटवला की मीठही आटतं आणि मग पायरी ४ ची सगळी मेहनत गेली. आपल्याला जेलीसाठी साधारण ७५० मिली रस लागतो, तो वेगळा मोजून घ्या. जरा कमी पडत असेल तर त्यात २ ग्रॅमची ३ पानं, अगदीच पातळ असेल तर ६ ते ८ पानं. पानं गार पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवा, पिळून गरम रसात विरघळवा, उकळू नका, उकळून त्याची ताकद कमी होते. आणि पुन्हा ताटलीची परीक्षा. पावडर असेल तर पाकिटावर दिलंय तशी भिजवा, मात्र वजन पानांएवढंच घ्या. चायना ग्रास नको. ते कडक कापलं जातं पण तोंडात विरघळत नाही, या जेलीची सगळी गंमत ती जिभेवर वितळते यात आहे.

रस काचेसारखा पारदर्शक करायचा असेल तर पद्धत आहे: गार रसात दोन अंड्यांचा पांढरा बलक फेटून घाला, मंद आचेवर हलवत गरम करा, बलक वर जमायला लागला की हलवणं पूर्ण बंद, वीस मिनिटं तसंच, मग मलमलीतून हळूच गाळा. सगळा गाळ त्या बलकात अडकून येतो. पण पहिल्या वेळी करू नका असं माझं मत. आत एवढी पार्सली असते की थोडा गढूळपणा दिसत नाही, आणि मंद आचेवर शिजवलं असेल तर रस तसाही बऱ्यापैकी नितळ असतो.

शेवटी व्हिनेगर घाला आणि चाखा. कोमट रस जिभेला किंचित जास्त आंबट आणि किंचित जास्त तिखट, म्हणजे मिरीचा, लागला पाहिजे. थंड झाल्यावर सगळ्या चवी एक पायरी खाली उतरतात. गरम असताना 'अगदी बरोबर' लागलेला रस थंड झाल्यावर मुका लागतो.

८. पार्सली

बाजारात दोन प्रकार, सपाट पानांची आणि कुरळी. सपाट घ्या, वास चांगला. पण सपाट पार्सली आणि कोथिंबीर शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि लांबून जुळ्या दिसतात, त्यामुळे पान चुरगळून वास घ्या मगच पिशवीत टाका. कोथिंबिरीचं चालेल का, तर नाही चालणार. कोथिंबीर मला कुणाहूनही कमी आवडत नाही, पण ती या वाईनच्या जेलीत साबणासारखी लागते.

जुडी निवडा, पानं धुवा आणि अगदी कोरडी करा. पंच्यात गुंडाळून झटका, पसरून ठेवा. ओली पार्सली चिरली की तिचा चिखल होतो आणि त्या पाण्याने जेली ढिली पडते. चिरायची सुरीने, मिक्सरमध्ये नाही. शॅलॉट आणि लसूण अगदी बारीक चिरून त्यात मिसळा.

माझी तिसरी चूक इथली. गरम रसात पार्सली ढवळली आणि दुसऱ्या दिवशी तिचा रंग शिजलेल्या पालेभाजीसारखा झाला होता. उष्णता आणि आंबट दोन्ही मिळाले की पानातलं हिरवं द्रव्य काळपटतं. रस बोटाला कोमटही लागत नाही इतका निवल्यावरच ती घालायची.

९. थर

रसाचं पातेलं गार पाण्यात ठेवून हलवत राहा. आधी पाण्यासारखा असतो, मग तेलासारखा होतो, मग एकतारी पाकाच्या आधी जसा जड व्हायला लागतो तसा. नेमका तेव्हा पार्सली घाला. लवकर घातली तर सगळी तरंगून वर येते आणि खाली नुसती पिवळी जेली राहते. उशीर झाला आणि रस आळला, तर घाबरू नका, पार्सली घालायच्या आधी असेल तर परत कोमट करून घ्या.

बोलच्या तळाला हिरव्या जेलीचा बोटभर थर, पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. मग मांसाचे तुकडे, थोडे विरळ, एकमेकांना चिकटवून दाबू नका, मधून जेली उतरायला जागा हवी. वर जेली. परत मांस, परत जेली. प्रत्येक थरानंतर बोल ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात. फ्रिजमधलं मांस बर्फासारखं गार असेल तर आधी दहा मिनिटं बाहेर काढा, नाहीतर जेली त्याला लागताक्षणी थिजते आणि फटी राहतात. शेवटचा थर जेलीचा, मांस उघडं दिसता कामा नये.

वर क्लिंग फिल्म, त्यावर आत बसणारी ताटली, ताटलीवर अर्धा लिटर दुधाची पिशवी. एवढंच वजन. पहिल्यांदा मला वाटलं होतं जितकं जड तितकं घट्ट, पण जड वजनाने जेली सगळी कडेने वर येते आणि आत मांसाचा नुसता गोळा राहतो. दोन तासांनी वजन काढून टाका. मग २४ तास फ्रिजमध्ये, मधे उघडून बघू नका.

१०. काढणं आणि कापणं

बोल गरम पाण्यात पाच ते दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. कडेने पातळ सुरी फिरवा, वर ताट ठेवा, दोन्ही घट्ट धरून एकदम उलटा. नाही सुटला तर परत पाच सेकंद. सुटताना 'प्लॉप' असा आवाज येतो, तो आला की काम झालं.

स्लाइस करंगळीएवढी जाड, पातळ कापायला गेलात की तुकडे सुटतात. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, कापायची, प्रत्येक स्लाइसला. दाबू नका, पुढे-मागे ओढा.

सोबत जाड सालीचा ब्रेड, दिजों मस्टर्ड, कॉर्निशों म्हणजे छोट्या काकड्यांचं व्हिनेगरमधलं लोणचं, साधं हिरवं सॅलड, आणि जी वाईन घातली तीच ग्लासात. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी वाढा. उन्हाळ्यात टेबलावर फार वेळ ठेवू नका, जेली अंगातल्या उष्णतेच्याही खालच्या तापमानाला वितळते.

फ्रिजमध्ये नीट झाकून चार-पाच दिवस राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा छान लागतो, मुरल्यामुळे. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर जेलीला पाणी सुटतं आणि परत जमत नाही. उरलेला रस मात्र फ्रीझ करा, मसूर शिजवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणि कडेचे, मोडलेले जे तुकडे ताटात राहतात ते फेकू नका. आमच्याकडे सोमवारी रात्री वाफाळता भात करतो आणि ते तुकडे त्यावर घालतो. जेली हळूहळू विरघळून भातात उतरते, मांस नुसतं कोमट होतं, वर थोडी मिरी. मादामना मी एकदा वाटीभर नेऊन दिला होता, पुढच्या ईस्टरला त्यांनीच विचारलं की या वेळी भात कधी आहे.